गाडी जाते, कर्ज राहतं

कर्जावरच्या गाडीबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. पहिली, तीन हप्ते थकेपर्यंत कोणी हात लावत नाही. दुसरी, नेली तर नेली, कर्जातून तरी सुटलो. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दुसरी जास्त महागात पडते. गाडी ओढून नेण्याचा प्रकार रस्त्यावर पाच-दहा मिनिटांत आटोपतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. आरडाओरडा, मोबाईलवर शूटिंग, पोलीस. खरं नुकसान होतं ते त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत आणि नंतरच्या महिनाभरात, कागदावर, कोणाचा आवाज न चढता.

गाडी कोणाची?

आरसीवर मालक म्हणून नाव तुमचं असतं आणि त्याखाली ‘एचपी’ (गाडी तारण असल्याची खूण) लिहून बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ खाली आरटीओ ही नोंद घेतं. सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसंच हे. जमीन तुम्हीच कसता, पण बोजा उतरल्याशिवाय विकता येत नाही. गाडीचं तेच. चालवायची तुम्ही, विमा तुमचा, चलान तुमच्या नावावर. पण फायनान्सवाल्यांची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि फॉर्म ३५ (एचपी उतरवण्याचा फॉर्म) हातात आल्याशिवाय एचपी उतरत नाही. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली, तर विम्याच्या पैशांवरही पहिला हक्क त्यांचाच असतो.

पूर्वी ‘हायर पर्चेस’ नावाचा वेगळा प्रकार जोरात होता. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक कंपनीच असायची आणि आपण नुसते भाड्याने वापरणारे. आता बहुतेक कार, टेम्पो, दुचाकींची कर्जं साधी तारणकर्जं असतात. तरी करार काढून आपला प्रकार कोणता ते बघाच, कारण कोर्टात गाडी अडली की पहिला प्रश्न तोच येतो.

करार म्हणजे शोरूममध्ये डिलिव्हरीच्या गडबडीत ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत ज्यावर सह्या घेतल्या जातात, तो पानांचा गठ्ठा. गाडीला हार घालायची घाई असते, वाचतो कोण. त्याच गठ्ठ्यात एक कलम असतं: हप्ता चुकल्यास कंपनीला गाडीचा ताबा घेता येईल. पुढचं सगळं या कलमावर चालतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना २००८ मध्येच सांगून ठेवलंय की असं कलम कायदेशीर हवं, कर्जदाराला ते नीट कळवलेलं हवं आणि त्यात काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस देणार, कोणत्या परिस्थितीत नोटीस न देता ताबा घेणार, ताबा घेण्याची पद्धत काय, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, पैसे भरल्यावर गाडी परत कशी मिळणार आणि विक्री किंवा लिलाव कसा करणार. फायनान्स कंपन्यांनाही, म्हणजे एनबीएफसींनाही, हेच बंधन आहे. कराराची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. हप्ता थकण्याच्या बेतात असेल तर पहिलं काम हे करा, कारण एकदा बिनसल्यावर ती प्रत मिळायला फार चकरा माराव्या लागतात.

तीन महिन्यांचं गणित

पाच तारखेला खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाऊन्स झाला. त्याच दिवशी दोन दंड बसतात: एक तुमच्या बँकेचा, एक कर्ज देणाऱ्याचा. दुसऱ्या दिवसापासून कॉल सुरू होतात. आत बँकेच्या दप्तरी तुमच्या खात्याला वेगळंच लेबल लागतं. थकबाकी ३० दिवसांपर्यंतची असेल तर एसएमए-० (एसएमए म्हणजे नजर ठेवायचं खातं), ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० दिवस एसएमए-२ आणि नव्वदच्या वर गेलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. वसुलीवाल्यांच्या बोलण्यात हेच ‘बकेट’ होतं. ‘तुमची गाडी थर्ड बकेटला गेलीय, आता माझ्या हातात नाही,’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना बरोबर आठवेल.

‘तीन हप्ते’ ही समजूत इथूनच आलेली आहे. पण ९० दिवसांची रेघ बँकेच्या हिशेबासाठी आखलेली आहे, तुम्हाला सवलत म्हणून नाही. करारात बहुधा एकही हप्ता चुकला तरी सगळं कर्ज एकदम मागण्याचा अधिकार लिहून घेतलेला असतो. पहिल्या महिन्यात कोणी गाडी उचलत नाही, कारण ते त्यांनाही परवडत नाही. दोन हप्त्यांनंतर पत्रं येऊ लागतात. आणि टेम्पो, टॅक्सी, ट्रक अशा धंद्याच्या गाड्यांच्या बाबतीत लोक आणखी लवकर हलतात. गाडी रोज फिरते, रोज झिजते, उद्या दुसऱ्या राज्यात गेली तर शोधायची कुठे, हा त्यांचा विचार असतो.

नव्वदी ओलांडण्याचा खरा तोटा वेगळाच आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं की एकदा एनपीए झालेलं खातं पुन्हा चांगलं धरायचं तर मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरली गेली पाहिजे. म्हणजे ८८ व्या दिवशी एक हप्ता भरलात तर खातं आधीच्या, कमी धोक्याच्या पायरीवर येऊ शकतं. ९१ व्या दिवशी तोच एक हप्ता भरून काही होत नाही. हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील, तर ते कोणत्या तारखेला भरता याला म्हणूनच फार महत्त्व आहे.

दंडाबद्दलही एक नियम माहीत असू द्या. पूर्वी थकलेल्या रकमेवर चढं ‘दंडव्याज’ लागायचं आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढायचं. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना हे बंद झालं. आता ‘दंड शुल्क’ घेता येतं, पण ते वाजवी हवं आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. स्टेटमेंट मागवून हे तपासा.

चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ आहेच. पण ‘माझा चेक नाही, ऑटो-डेबिट आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ मध्ये त्यालाही जवळपास तशीच शिक्षा आहे. दोन्हींत आधी नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ते पाकीट न घेता परत पाठवण्यात काडीचा शहाणपणा नाही.

ताबा घेण्याचे तीन रस्ते

पहिला आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा रस्ता कराराचा. कोर्ट नाही, पोलीस नाही. करारातल्या कलमाच्या आधारे नोटीस पाठवायची आणि एजन्सीमार्फत गाडी ताब्यात घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार नाकारलेला नाही. मॅग्मा फिनकॉर्पच्या २०२० च्या प्रकरणात ३५ पैकी ७ हप्ते भरलेली एक जीप कंपनीने नेली होती. न्यायालयाने हायर पर्चेसमधला ताबा योग्य ठरवला, पण कराराप्रमाणे द्यायची नोटीस नीट दिली नाही एवढ्यासाठी कंपनीला १५ हजार रुपये द्यायला लावले. जीप गेली आणि हाती आले पंधरा हजार! नोटिशीतली चूक पकडून गाडी वाचेल या भरवशावर बसलेल्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

दुसरा रस्ता कोर्टाचा किंवा लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या त्रयस्थाचा. करारात लवादाचं कलम असतं आणि लवादाचं ठिकाण बरेचदा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी. नांदेडच्या पिकअपवाल्याला चेन्नईची नोटीस येते ती यामुळे. कंपनी तातडीचा आदेश मागते, रिसीव्हर (आदेशाप्रमाणे गाडी ताब्यात घेणारा माणूस) नेमला जातो आणि मग तो रिसीव्हर पोलिसांची मदत घेऊनही गाडी उचलू शकतो. अशा आदेशाची प्रत समोर आली तर रस्त्यावर वाद घालून उपयोग नाही, वकील गाठा. लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल तर त्याला आव्हान देता येतं. एकाच बाजूने एकमेव लवाद नेमण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच हरकत घेतलेली आहे.

तिसरा रस्ता २००२ च्या सरफेसी कायद्याचा, म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टात न जाता जप्त करू देणाऱ्या कायद्याचा. लोकांना तो घर-फ्लॅटच्या जप्तीमुळे माहीत आहे, पण तारण दिलेली गाडीही त्यात बसते. यात ६० दिवसांची लेखी नोटीस सक्तीची आहे. तुम्ही आक्षेप घेतलात तर त्याला उत्तर द्यावं लागतं. ताबा घेताना दोन साक्षीदारांसमोर पंचनामा आणि सामानाची यादी करावी लागते, आणि विक्रीआधी ३० दिवसांची वेगळी नोटीस लागते. कर्जदाराच्या दृष्टीने तिन्हींत हाच रस्ता सुरक्षित. अडचण एवढीच की एनबीएफसीला तो २० लाख आणि त्यापुढच्या कर्जांनाच वापरता येतो, तोही ती कंपनी पुरेशी मोठी असेल तर. सात लाखांची गाडी एनबीएफसीकडून घेतली असेल, तर ६० दिवसांची नोटीस आपला हक्क आहे असं धरून चालू नका. बँकेचं कर्ज असेल तर मात्र हा मुद्दा जोरात मांडता येतो. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांनी जबरदस्तीने गाड्या नेणं म्हणजे जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वकील तो पुढे ठेवू शकतो.

रस्त्यावर

गाड्या शोधणाऱ्यांना ‘सीझर’ म्हणतात. त्यांच्या मोबाईलमध्ये ॲप असतं आणि त्यात थकलेल्या गाड्यांचे नंबर. टोलनाका, मॉलचं पार्किंग, पेट्रोलपंप, बाजार समितीचं गेट अशा ठिकाणी उभं राहून नंबर टाकत राहायचा. लागला की फोन. गाडी पोचती केली की एजन्सीला पैसे मिळतात. त्यामुळे समोरच्या पोराला तुमची अडचण ऐकण्यात रस नसतो. त्याच्याकडे तुमचे पैसे घ्यायचा किंवा मुदत द्यायचा अधिकारही नसतो. त्याच्याशी तासभर हुज्जत घालण्यापेक्षा त्याच्या बॉसच्या बॉसला, म्हणजे शाखेच्या वसुली अधिकाऱ्याला, फोन लावणं बरं.

त्याने दाखवायलाच हवेत असे कागद आहेत. ओळखपत्र, बँकेने किंवा कंपनीने दिलेलं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत. तुमच्या प्रकरणासाठी कोणती एजन्सी नेमली आहे हे बँकेने तुम्हाला आधीच कळवायला हवं. जवळच्या पोलीस ठाण्याला ताबा घेण्याआधी आणि घेतल्यावर पत्र देण्याची पद्धत आहे. आधीच्या पत्रावरचा ठाण्याचा शिक्का मागा. पोलिसांना कळवलं म्हणजे पोलिसांनी परवानगी दिली असं होत नाही, ही गोष्ट एजंट मुद्दाम घोळात ठेवतात. कोर्टाचा आदेश नसताना गाडी ओढून देणं हे पोलिसांचं काम नाही.

काय करता येत नाही हे तर अगदीच स्पष्ट आहे. चालत्या गाडीला आडवं घालणं, किल्ली हिसकावणं, घरात किंवा सोसायटीच्या बंद आवारात घुसणं, बायकामुलांना उतरवून गाडी घेऊन जाणं, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर तमाशा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात बजावलं की कायद्याच्या राज्यात वसुलीसाठी दांडगाई चालणार नाही. फोनही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. त्याच्या पुढच्याच महिन्यात झारखंडमधल्या हजारीबागला ट्रॅक्टर ताब्यात घेताना एका गरोदर तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजन्सीमार्फत वसुली आणि ताबा घेणं तत्काळ थांबवायला लावलं. ती बंदी जानेवारी २०२३ पर्यंत होती. एवढी मोठी कंपनी एका आदेशाने थांबवता येते, हे तेव्हा सगळ्या क्षेत्राने पाहिलं.

अंगावर कोणी येत असेल तर ११२ लावा आणि गाडीतच बसून राहा. पण जागेवर सर्वांत सांभाळायची गोष्ट वेगळी आहे. थोडा दम देऊन झाला की आवाज एकदम मऊ होतो. ‘साहेब, फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा, उद्या शाखेत या, गाडी सोडतो.’ त्या कागदावर वरती छापलेलं असतं: मी माझी गाडी स्वखुशीने कंपनीकडे जमा करत आहे. ही सही झाली की पुढे जबरदस्तीची तक्रार जवळजवळ संपली. गाडी द्यायची वेळ आलीच तर सही सामानाच्या यादीवर करा, स्वखुशीच्या पत्रावर नको. करावीच लागली तर सहीखाली मराठीत ‘विरोध नोंदवून’ असं लिहा, तारीख-वेळ टाका आणि फोटो काढून ठेवा.

आणि ती यादी तुम्ही स्वतः भरून घ्या. किलोमीटरचा आकडा, पाचही टायर कोणत्या कंपनीचे आणि किती घासलेले, बॅटरीचा नंबर, जॅक, म्युझिक सिस्टीम, टाकीत किती इंधन, आधीचे ओरखडे कुठे. यार्डात गेलेली नवी बॅटरी बाहेर येताना जुनी झालेली असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून व्हिडिओ घ्या. डिक्कीतलं सामान, लॅपटॉप, चेकबुक, आरसी, दुकानाची बिलं काढून घ्या. त्या वस्तू तारण नाहीत, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण मागून ‘माझे वीस हजार डॅशबोर्डमध्ये होते’ म्हटलं तर कोण ऐकणार?

यार्डातले दिवस

खरी घाई इथून करायची, आणि नेमकं इथेच लोक हातपाय गाळतात. पंधरा-वीस दिवस जातात, फोन उचलत नाहीत, आणि मग एक दिवस गाडी विकल्याचं पत्र येतं.

गाडी यार्डात लागल्यापासून मीटर चालू असतो. उचलण्याचा खर्च, टोइंग, यार्डाचं दिवसाचं भाडं हे सगळं तुमच्याच खात्यात पडतं. कंपनी विक्रीपूर्व नोटीस पाठवते, तीच ती शेवटची संधी. काही कंपन्या थकबाकी आणि खर्च भरले की गाडी सोडतात. काही म्हणतात की कर्ज परत मागवलं आहे, आता सगळीच रक्कम भरा. कागदावर दुसरं खरं असलं तरी शाखेत बोलणी होतात, कारण चालू राहिलेलं कर्ज त्यांनाही लिलावापेक्षा परवडतं. जायचं ते आकडा घेऊन जा. ‘आज एवढे भरतो, उरलेले अमुक तारखेला’ असं लेखी द्या आणि पोच घ्या. भरलेल्या पैशांची पावती कंपनीच्या नावाचीच घ्या; एजंटच्या गुगल पे वर एक रुपयाही टाकू नका.

आता ‘कर्जातून सुटलो’चा हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ६० हप्ते. हप्ता येतो साधारण १७ हजार. १८ हप्ते नियमित भरले, म्हणजे खिशातून ३ लाख ६ हजार गेले. मुद्दल किती कमी झालं? फक्त २ लाख. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून अजून ६ लाख शिल्लक आहेत. इथून हप्ते थांबले, गाडी नेली आणि विकली जाईपर्यंत सहा महिने उलटले. त्यांचं व्याज ३० हजार. बाऊन्स, दंड, टोइंग, यार्ड मिळून २५ हजार धरू. एकूण येणं ६ लाख ५५ हजार. लिलावात गाडी गेली ४ लाख ६० हजाराला. राहिले १ लाख ९५ हजार. गाडी नाही, आणि जवळपास दोन लाखांचं देणं डोक्यावर. ही तूट वसूल करायला कंपनी लवादाकडे जाऊ शकते, कोर्टात जाऊ शकते आणि जामीनदाराला धरू शकते. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मेव्हण्याने भिडेखातर केलेली सही त्याच्या दाराशी नोटीस घेऊन येते ती अशी.

लिलावात भाव कमी का येतो? बोली लावणारे बहुतेक डीलर असतात, गाडी ऑनलाइन फोटोंवरून बघतात, सर्व्हिसचा इतिहास माहीत नसतो, कधी दुसरी किल्ली नसते, महिनाभर उभी राहून बॅटरी उतरलेली असते. त्यात त्यांचा नफाही सुटायला हवा. म्हणून विक्रीपूर्व नोटीस आली की लेखी मागणी करा: मूल्यांकनाचा अहवाल द्या, लिलावाची तारीख कळवा आणि मी स्वतः गिऱ्हाईक आणलं तर त्याची जास्तीची ऑफर घ्या. हे शेवटचं फार थोडे लोक करतात. जास्तीची लेखी ऑफर डावलून गाडी कमी भावाला फुंकली, तर तुटीच्या दाव्यात कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

उलटी बाजूही आहे. वरच्याच कर्जात ५० हप्ते भरून झाले असते तर बाकी उरते साधारण १ लाख ६२ हजार. गाडी साडेतीन लाखांना गेली तर खर्च वजा जाता वरचे पैसे तुमचे. कंपनीने ते परत करायलाच हवेत. ते आपसूक येतात यावर माझा विश्वास नाही. विक्रीनंतरचं खातेउताऱ्याचं पान मागा, गाडी कितीला गेली आणि खर्च कशाचा किती लावला हे बघा. शेवटच्या टप्प्यात गाडी गमावणाऱ्याचं नुकसान सर्वांत मोठं असतं, आणि ‘झालं गेलं’ म्हणून विषय सोडणारेही तेच असतात.

आणखी एक शेपूट राहतं. गाडी विकली गेली तरी आरसीवर तुमचं नाव असतं, जोवर नवा मालक ते बदलत नाही. तुम्ही आरसी देत नसाल किंवा सापडत नसाल, तर कंपनी कलम ५१ खाली फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी काढू शकते. पण दरम्यानच्या काळात ई-चलानं तुमच्याच मोबाईलवर येतात. अपघात झाला तर आणखी वाईट. नोंदीवर ज्याचं नाव तो मालक, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घेतलेली आहे. म्हणून ताबा गेल्याची तारीख आणि वेळ आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, फास्टॅग बंद करा, आणि विक्रीनंतर ऑनलाइन नाव बदललं का हे अधूनमधून बघत जा.

आधीच विकून टाकणं

हप्ता झेपत नाही हे आपल्याला बँकेच्या खूप आधी कळतं. त्या वेळी दोन दारं उघडी असतात. एक, शाखेत जाऊन लेखी अर्ज: मुदत वाढवून हप्ता कमी करा. मिळेलच असं नाही, पण नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं जोडली तर विचार होतो आणि अर्जाची पोच पुढे कामी येते. दोन, गाडी स्वतः विकणं. मला विचाराल तर हप्ते थकायच्या आतच दुसरं दार ठोठवावं. कंपनीकडून फोरक्लोजर लेटर घ्या, आजच्या तारखेला किती भरून कर्ज बंद होईल ते त्यात असतं. घेणाऱ्याने तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, वरचे तुम्हाला द्यायचे, एनओसी आणि फॉर्म ३५ आले की एचपी उतरवून गाडी त्याच्या नावावर. जुन्या गाड्यांचे मोठे व्यापारी हे रोज करतात. भाव लिलावापेक्षा बरा मिळतो आणि हप्ता थकण्याआधी विकली तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडत नाही.

याऐवजी आपल्याकडे जे सर्रास होतं ते सांगितलंच पाहिजे. ओळखीतल्या कोणाला तरी गाडी ‘हप्त्यावर’ द्यायची. पन्नास हजार रोख घ्यायचे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करायची, ‘इथून पुढचे हप्ते तो भरेल’. या कागदाला कंपनी विचारत नाही. कर्ज तुमच्या नावावर, आरसी तुमच्या नावावर, चलान आणि अपघात तुमच्या नावावर. गाडी मात्र कुठे आहे हे तुम्हालाच माहीत नाही. तो दोन हप्ते भरतो, मग फोन बंद. कंपनी तुमच्या दारात, आणि तारण गाडी परस्पर विकली म्हणून फसवणुकीची तक्रार होण्याची शक्यता वेगळीच.

गाडी लपवणं, गावाकडच्या गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवणं, हेही त्यातलंच. व्याज गोठ्यातही चढतं.

तक्रार कुठे

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील नको, आणि १४४४८ वर माहिती मिळते. मारहाण, घुसखोरी, धमकी झाली असेल तर ती पोलिसांत, त्याच दिवशी. सेवेतली कसूर म्हणजे नोटीस न देणं, हिशेब न देणं, वरचे पैसे दाबणं यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. धंद्याची गाडी असली तरी ती स्वतः चालवून पोट भरत असाल, तर ग्राहक म्हणून दार बंद होत नाही. या सगळ्यांत सीसीटीव्ही, वॉचमनच्या रजिस्टरमधली नोंद आणि कॉल रेकॉर्डिंग यांना तोंडी हकिकतीपेक्षा जास्त वजन असतं. सोसायटीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. सेक्रेटरीला त्याच संध्याकाळी गाठा.

बँक किंवा नोंदणीकृत एनबीएफसी नसून गल्लीतल्या सावकाराने गाडी ठेवून घेतली असेल, तर कायदाच वेगळा. महाराष्ट्र सावकारी कायदा, २०१४ खाली परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची असते.

तुटीची नोटीस आली तर ती पुष्कळदा लोकअदालतीची असते. तिथे जा. गाडी विकून झालेली असते, कंपनीलाही खातं मिटवायचं असतं, आकडा बराच खाली येऊ शकतो. मात्र अर्ध्यावर मिटवलं तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो वाचते. पूर्ण भरून मिटवलं तर ‘क्लोज्ड’. कोणतं झेपतं ते तुमच्या खिशावर. पैसे द्यायच्या आधी पत्र घ्या, त्यात कर्जखात्याचा नंबर, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि ‘यापुढे कर्जदार व जामीनदार यांच्याकडून काही येणे नाही’ हे शब्द हवेत. जामीनदाराचं नाव बहुतेक पत्रांत राहून जातं. ते घालून घेतल्याशिवाय चेक देऊ नका.